पखवाज (भजनी वादन)

चामड्याने मढवलेले, दुतोंडी, आडवे तालवाद्य. वारकरी त्याला मृदंग म्हणतात. कर्नाटक संगीतातला मृदंगम् मात्र बांधणीने व वादनाने वेगळा. पखवाज मधोमध कापून तबला झाला, ही कथा लोकप्रिय असली तरी अभ्यासक ती सहसा ग्राह्य धरत नाहीत. ध्रुपदाच्या साथीचे हे वाद्य महाराष्ट्रात गावोगाव टिकले ते भजन-कीर्तनामुळे. प्रस्तुत नोंद त्या वादनापुरती आहे.

बांधणी व लावणी : एकाच लाकडाचे पोकळ खोड, दोन्ही तोंडांवर पाने, ती ताणणारी चामड्याची वादी आणि वादीखाली लाकडी गठ्ठे. अलीकडे नटबोल्टचे पखवाजही सर्रास दिसतात. उजव्या पानावर कायमची शाई असते. डाव्या, मोठ्या पानावर दर वादनापूर्वी कणीक लावतात. वादक पान ओलसर करतो, सैल भिजवलेली कणीक मध्यावर थापतो, तिच्या कडा बोटाने पातळ करतो आणि एक थाप देऊन ऐकतो. नाद खाली उतरला नाही तर चिमूटभर वाढवतो. दबला तर थोडी काढतो. उजवे पान गायकाच्या षड्जात आणि डावे त्याच्या खर्जात बोलू लागले की लावणी पुरी झाली. वादन संपताच कणीक खरवडून पान पुसायचे; वाळलेली कणीक पान खराब करते. लोधिवलीसारख्या खालापूर तालुक्यातील गावांत पावसाळ्यात हवेतला ओलावा पाने सैल करतो, सूर उतरतो. म्हणून आषाढ-श्रावणातल्या भजनांत दोन अभंगांच्या मध्ये हातोडीचे ठोके ऐकू येतात.

हात : पखवाजाचा बाज खुला. तबलावादक डग्ग्यावर मनगट दाबून नाद वळवतो. पखवाजाचा डावा पंजा सपाट पडतो आणि लगेच उचलतो, त्यामुळे ‘ग’ घुमतो. तोच पंजा पानावर ठेवला की ‘क’ बंद राहतो. उजव्या हाताचा ‘ता’ आणि डाव्याचा ‘ग’ एकाच क्षणी पडले की ‘धा’. त्यांत केसभर अंतर राहिले तरी तो फुटका वाटतो. पाठाचा पाया चौताल, मात्रा १२ :

धा धा । दिं ता । किट धा । दिं ता । तिट कत । गदि गन

हे बोल आधी तोंडाने, हातावर टाळी-खाली धरून म्हणायचे (पढंत), मग वाजवायचे. वेगापेक्षा निकास, म्हणजे प्रत्येक अक्षराचा स्वच्छ उच्चार, हीच तयारीची खरी कसोटी. धुमकिट, तकिट, गदिगन चौपटीतही वेगळे ऐकू आले पाहिजेत.

साथ : भजनी ठेका ८ मात्रांचा. कीर्तनात वादक पखवाज गळ्यात अडकवून उभ्याने वाजवतो. वीस-पंचवीस टाळ एकत्र वाजू लागले की लय आपोआप चढते; ती धरून ठेवणे हे पखवाज्याचे पहिले काम. अभंगाचे शब्द चालू असताना साधा ठेका, चरण संपला की भरणा, गजरात दुगण-चौगण आणि तिहाई घेऊन समेवर. शब्द झाकणारा हात कितीही तयार असला तरी तो साथीचा हात नव्हे. खरा जाणकार वादक न वाजवलेल्या मात्रांतूनही ओळखू येतो.

परंपरा : एकोणिसाव्या शतकात वाईजवळच्या बावधनचे पखवाजवादक नाना पानसे इंदूरच्या होळकर दरबारी नावारूपाला आले. त्या काळचे दुसरे थोर पखवाजवादक कुदऊसिंह यांच्या जोरकस बाजाच्या तुलनेत त्यांचा बाज मधुर व प्रवाही मानला जातो. इंदूरचे सखारामपंत आगळे हे त्यांचे शिष्य, तर अंबादासपंत आगळे हे पुढील पिढीतले. याच परंपरेतील गोविंदराव बुऱ्हाणपूरकर यांनी मृदंग-तबल्यावर पाठ्यपुस्तके लिहिली. आबान मिस्त्री यांच्या पखवाज व तबल्याच्या घराण्यांवरील हिंदी ग्रंथातही पानसे घराण्याचा परिचय आहे. भजनातला पखवाज या ग्रंथपरंपरेपेक्षा मंदिरात, कानाने आणि नजरेने शिकला गेला. आळंदी हे त्याच्या शिक्षणाचे मोठे केंद्र. तेथे जोग महाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली.

खालापूर–कर्जत : रायगड जिल्ह्यातील या तालुक्यांत हरिनाम सप्ताह, काकडआरती आणि खोपोलीजवळच्या साजगावची बोंबल्या विठोबाची कार्तिकी यात्रा ही भजनाची प्रमुख निमित्ते.

महिला वादक : महिला भजनी मंडळांत आता पखवाजही स्त्रियाच वाजवताना दिसतात.