'टार्डस' आणि 'मंद' : गतीचा शब्द माणसाला चिकटतो तेव्हा

आजचा शब्द लॅटिन आहे, 'टार्डस'. अर्थ संथ, मंद, रेंगाळणारा. त्याचं मूळ कोशकारांना नक्की लावता आलेलं नाही, पण गोतावळा मोठा आहे. फ्रेंचमध्ये त्याचा 'तार' झाला, म्हणजे उशिरा. स्पॅनिशमध्ये 'तार्दे', म्हणजे उशिरा आणि दुपारसुद्धा. इंग्रजीत 'रिटार्ड' आला, मुळात फक्त 'विलंब लावणे' या अर्थाने. १७७६ साली स्पालान्झानी या इटालियन शास्त्रज्ञाने एका सूक्ष्म प्राण्याला 'टार्डिग्राडो' म्हटलं, म्हणजे मंद पावलं टाकणारा.

आता गंमत बघा. हीच कल्पना आपल्याकडे कितीतरी आधी एका वृत्ताच्या नावात आहे: मंदाक्रांता. कालिदासाचं 'मेघदूत' याच वृत्तात आहे. तिथे मंदपणा हा दोष नाही, डौल आहे. मंद वारा, मंदस्मित, मंद आचेवर शिजणारी आमटी, यांत कुठेही कमीपणा नाही. पण 'मंदाग्नी' म्हटलं की दुखणं आलं, आणि बाजारात 'मंदी' म्हटली की चिंता आली. 'रघुवंशा'च्या आरंभी कालिदास स्वतःलाच मंद म्हणवतो. तिथे हा शब्द चालीवरून बुद्धीवर गेलेला आहे. लॅटिनमध्येही तेच झालं. सिसेरोच्या लेखनात 'टार्डस' बुद्धीला लावलेला सापडतो. दोन भाषा, एकच घसरण.

ही घसरण कशी होते? उत्तर ज्योतिर्गणितात सापडतं. शनीला आपण शनैश्चर म्हणतो, म्हणजे हळू चालणारा. त्याचं दुसरं नावच 'मंद'. सूर्याभोवतीच्या एका फेरीला त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणून एका राशीत साधारण अडीच वर्षं, आणि तीन राशींची साडेसाती. इथे मंदपणा ही ग्रहाची ओळखच झाली. पण त्याच शास्त्रात 'मंदोच्च' अशीही संज्ञा आहे. चंद्र आपल्या मार्गावर त्या बिंदूपाशी सर्वांत हळू चालतो, आणि तोच चंद्र पुढे वेगही घेतो. इथे मंदपणा चंद्राचा नाही, मार्गातल्या जागेचा आहे. एकाच शब्दाचे हे दोन वापर नीट वेगळे ठेवायला हवेत.

आपल्या ठाणे-डोंबिवलीकरांना हे वेगळं सांगायला नको. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किलोमीटर आलेली गाडी लोकांना अचाट वेगाची वाटली. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ ला, ती कल्याणपर्यंत आली. आज मुंबईहून तासाभरात ठाण्याला पोचणाऱ्या लोकलला आपण 'धीमी' म्हणतो. शेजारच्या रुळावर जलद गाडी आली, एवढंच काय ते बदललं. 'मंद' म्हटलं की 'कोणापेक्षा?' हा प्रश्न त्यात दडलेला असतोच. तो विचारायचा राहिला की तुलनेचा शब्द स्वभावाचा शब्द होतो.

याची किंमत कोणी मोजली? मुलांनी. इंग्रजीत बुद्धीला लावलेले जुने शास्त्रीय शब्द शिव्या झाले, म्हणून सौम्य पर्याय म्हणून 'रिटार्डेशन' आला. यथावकाश त्याचीही शिवी झाली. आपल्या १९९५च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात तो होता. मराठीत त्याचा 'मतिमंद' झाला आणि शाळांच्या पाट्यांवर चढला. अमेरिकेने २०१० साली आपल्या संघीय कायद्यांतून तो काढायचं ठरवलं. आपल्याकडे २०१६च्या कायद्याने त्याच्या जागी 'बौद्धिक अक्षमता' आणली.

कोणी म्हणेल, शब्द बदलून काय होतं? उद्या हाही शब्द झिजेल. झिजेल, मान्य. पण नुसता शब्द बदलणं आणि प्रश्न बदलणं यांत फरक आहे. 'हे मूल मंद आहे' म्हटलं की बोलणं तिथेच संपतं. 'याला कशासाठी, किती वेळ आणि कोणती मदत लागते?' असं विचारलं की शिकवणं सुरू होतं. पहिलं वाक्य शनीसारखं, दुसरं चंद्रासारखं. शब्द कुठलाही वापरा, वाक्य मात्र दुसरं असू द्या.