शनिवारी बंद राहणारी घाणी

श्रोतेहो, आपला भंडारा तळ्यांचा जिल्हा. गलबत फुटलेले आपण कधी पाहिले नाही. तेलघाणी मात्र ओळखीची. म्हणून घाणीपासूनच सांगतो.

पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, आजच्या रायगडात, गावोगाव तेल गाळणारी काही घरे होती. शनिवार आला की त्यांची घाणी बंद! शेजाऱ्यांनी नावच पाडले, ‘शनिवार तेली’. हे बेने इस्राएल, घरात मराठी बोलणारे यहुदी. किहीमचे ते किहीमकर, पेणचे ते पेणकर.

अलिबागजवळ नवगावला समुद्रकाठी त्यांचे जुने कब्रस्तान आहे. वाडवडील सांगत आले, की तिथे गलबत फुटले. सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या. लाटांनी किनाऱ्याला लावलेली प्रेते तिथेच पुरली. धर्मग्रंथ बुडाले, एक ‘शेमा’ ही प्रार्थना तोंडपाठ राहिली.

हे घडले केव्हा? कोणी दोन हजार वर्षे म्हणतात, कोणी बरेच अलीकडचे. तेव्हा गुरुजी, वर्गात सांगताना ‘परंपरा सांगते’ एवढे शब्द गाळू नका बरे. २०१६ साली जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यात यहुदी आणि इथले, दोन्ही पूर्वज त्यांच्यात आढळले. म्हणजे परंपरा अगदीच पोकळ नव्हे.

हाइम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहिला. तो छापला गेला १९३७ साली, तोही तेल अवीवला!

१९४८ नंतर बहुतेक घरे इस्राएलला गेली. तिकडून कोणी आले, की नवगावला जातात आणि ज्यांची नावेही ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणतात.