गाडीवान झोपला तर..

माहूरला आजोबांकडे बैलगाडी होती. रात्री शेतावरून परतताना सालगडी गाडीतच झोपायचा, बैल गाडी बरोबर दारात आणून उभी करायचे. परवा भाचा विनाचालक मोटारींबद्दल भरभरून बोलत होता, तेव्हा हे आठवलं. आई मात्र म्हणाली, "अरे, पण तिनं कुणाला उडवलं तर पैसे कोण देणार?" आम्ही सगळे गप्प!

प्रश्न नवा वाटतो, पण मूळ जुनं आहे. १९७७ साली मुंबईहून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. म्हणजे ज्याचं माणूस गेलं त्यानेच पुरावे शोधत फिरायचं. १९८२ मध्ये कायदा बदलला. चूक कुणाचीही असो, मृत्यूसाठी १५,००० रुपये द्यायचेच. रक्कम तुटपुंजी, तत्त्व मोठं.

त्याची कसोटी लागली सातारा जिल्ह्यात. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे महामार्गावर ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा टँकर रस्त्याखाली गेला. सुमारे चार तासांनी त्याचा स्फोट झाला, जमलेले लोक भाजले, काही दगावले. समोरची बाजू म्हणाली, टँकर तर नुसता पडून होता, मग वाहनाचा 'वापर' कुठे झाला? १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. न चालणारं वाहनही वापरात असू शकतं, आणि टक्कर व स्फोट यांचा संबंध तुटत नाही, असं ठरलं. एका आईला ते १५,००० रुपये मिळाले.

आज मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ नुसार चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, मालकाकडून किंवा विमा कंपनीकडून. चालक नसला तरी मालक असतोच. पण त्याहून जास्त हवं तर पुन्हा चूक दाखवावी लागते. आणि संगणकाची चूक माहूरच्या एखाद्या विधवेने कशी दाखवायची? ब्रिटनने २०१८ च्या कायद्यात सोपं केलं: स्वयंचलित गाडीचा विमा असेल तर आधी विमा कंपनीने पैसे द्यायचे, मग तिने उत्पादकाशी भांडायचं.

आमचे बैल कुणाच्या रानात शिरले की आजोबा सकाळीच जाऊन नुकसान भरून द्यायचे. बैलाच्या मनात काय होतं, हे कुणी विचारलं नाही..