किती शिकले म्हणजे काम मिळते? – कोपरगाव तालुक्याचा शंभर वर्षांचा अनुभव

दहावीचा निकाल लागला की खेड्यातल्या शिक्षकाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर, नाहीतर सोसायटीच्या ओट्यावर एखादा बाप त्याला गाठतो आणि म्हणतो, "गुरुजी, पोरगं पास झालं. आता आणखी किती शिकवू म्हणजे कामाला लागंल?" त्या बापाला शिक्षणाची थोरवी ऐकायची नसते. त्याला हिशेब हवा असतो. जमिनीवर कर्ज काढायचे की नाही, धाकटीची शाळा चालू ठेवायची की नाही, हे त्या उत्तरावर ठरायचे असते.

पुढचे कोणाला सांगता येणार? पण मागे काय घडले ते सांगता येते. म्हणून आज आपण कोपरगाव तालुक्याचा इतिहास या एका प्रश्नापुरता चाळून पाहू. तालुका म्हणताना मी जुना, मोठा तालुका धरतो. राहाता १९९९ साली त्यातून वेगळा झाला.

फार मागे जायचे तर कोपरगावला राघोबादादांचा वाडा होता. १७८३ साली त्यांचा अंत इथेच झाला. त्या काळी मोडी लिहिणारा कारकून, हिशेब ठेवणारा कुळकर्णी, अशा मोजक्या माणसांचे पोट लिहिण्यावाचण्यावर चाले. बाकी सगळ्यांचे शिक्षण घरी. सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली सुतार होई, कुणब्याचा मुलगा औतामागे चालत शेती शिके. १८७८ च्या सुमारास दौंड-मनमाड रेल्वे झाली, तेव्हा स्टेशनवर थोडी नवी कामे निघाली. पण पाऊस दगा देई, आणि १८७६-७७ व १८९९-१९०० सारख्या दुष्काळांत शिकलेला काय, न शिकलेला काय, खडी फोडायलाच जाई.

ही स्थिती बदलली ती पाण्याने. १९०७ ते १९१६ या काळात दारणा धरण झाले, नांदूर मधमेश्वरला गोदावरीवर बंधारा पडला आणि तिथून निघालेले डावा व उजवा असे दोन कालवे आपल्या तालुक्यात आले. कालव्याबरोबर नव्या प्रकारची माणसेही आली. ओव्हरसियर आला. पुण्याच्या इंजिनिअरिंगच्या शाळेत अशी माणसे तयार होत. ती शाळा १८५४ साली बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवीत म्हणूनच निघाली होती. पाटकरी आला, मोजणीदार आला, पाणीपट्टीचा कारकून आला. सासवडकडचे माळी बागाईतदार जमिनी खंडाने घेऊन इथे ऊस लावू लागले आणि गावोगाव गुऱ्हाळे पेटली.

या गुऱ्हाळावर एक माणूस फार महत्त्वाचा असे. तो म्हणजे गुळव्या. काहिलीतल्या रसाचा रंग पाहून, बुडबुडा पाहून, पाक बोटांत धरून तो सांगे, "आता उतरवा." क्षणभर चुकले तर सबंध काहिलीचा गूळ बिघडायचा. त्याला मान होता, मजुरीही चांगली होती, आणि बहुधा त्याला सही करता येत नव्हती. शेजारीच पाटावर मराठी सातवी, म्हणजे त्या वेळची व्हर्नाक्युलर फायनल, झालेला कारकून बसलेला असे. तेवढ्या एका परीक्षेवर तलाठी होता येई, प्राथमिक शिक्षक होता येई. एकाच शिवारात दोन वाटा होत्या, एक हाताची आणि एक दाखल्याची. दोन्ही वाटांनी घर चाले. हे चित्र ध्यानात ठेवा, आपल्याला त्याकडे परत यायचे आहे.

१९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि आपल्या भागात खाजगी साखर कारखाने वाढले. साकरवाडी, लक्ष्मीवाडी, पुणतांब्याजवळचे चांगदेवनगर ही नावे त्या काळातली. पुढे १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरा सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. त्यापाठोपाठ आपल्या तालुक्यात कोळपेवाडीचा कोपरगाव सहकारी आणि मग संजीवनी सहकारी कारखाना उभा राहिला. शंकरराव काळे आणि शंकरराव कोल्हे ही दोन नावे त्या संदर्भात सर्वांना माहीत आहेत.

कारखाना बाहेरून एक दिसतो, पण आत शिरले की ती एक उभी शिडीच असते. अगदी खाली फडातला ऊसतोड कामगार. नवराबायको मिळून एक कोयता धरायचा, मुकादमाकडून उचल घ्यायची, हंगाम संपला की परत पाथर्डी नाहीतर बीडची वाट. त्याला कोणी शाळेचा दाखला मागत नाही. त्याच्या वरच्या पायरीवर गव्हाणीवरचा हंगामी मजूर. मग चिठ्ठ्या फाडणारा स्लिपबॉय, काट्यावरचा कारकून, शेतकी खात्यातला मदतनीस. इथे चौथी-सातवीपासून मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण चाले. मग फिटर, टर्नर, वायरमन. बॉयलरवर तर कायद्यानेच प्रमाणपत्र असलेला माणूस लागतो. सर्वांत वर चीफ इंजिनिअर आणि चीफ केमिस्ट. साखरेचे तंत्र शिकायचे तर कानपूर गाठावे लागे. तिथली संस्था १९३६ साली निघाली. महाराष्ट्रात अशी संस्था, म्हणजे आजची मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, १९७५ मध्ये झाली.

सरकारने १९५७ साली साखर उद्योगासाठी वेतन मंडळ नेमले. त्याचा निवाडा १९६० साली आला आणि अकुशल, अर्धकुशल, कुशल, कारकुनी अशा श्रेण्या पक्क्या झाल्या. आपल्या भागातल्या माणसाला तेव्हा प्रथम कळले की शिक्षण आणि कसब यांना छापील दर असतो.

आता या शिडीवर आपला गुळव्या कुठे गेला? तो पॅनमन झाला. साखरेच्या पॅनमधून नमुना काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा, उजेडाकडे धरून दाणा किती वाढला ते पाहायचे, हे काम गुळव्याच्याच नजरेचे होते. चांगला पॅनमन कारखाने एकमेकांकडून पळवीत. त्याची विद्या मात्र कोणत्याही शाळेच्या पुस्तकात नव्हती. १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची योजना आली, तिच्यातून आय.टी.आय. निघाल्या, १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. हाताची वाट आणि दाखल्याची वाट यांची गाठ घालण्याचा तो प्रयत्न होता. पण आपल्या मनात मात्र आय.टी.आय. म्हणजे "नापास पोरांची जागा" असेच राहिले. आपले फार मोठे नुकसान तिथे झाले.

कारण त्याच वेळी दाखल्याची वाट फार सुखाची दिसू लागली होती. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने आणि तालुक्यातल्या इतर संस्थांनी हायस्कुले गावोगाव नेली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेवक अशा जागा निघाल्या. मॅट्रिक झालेला मुलगा घरी बसला आहे, असे तेव्हा क्वचित दिसे. कारखान्यांनीही शिक्षणाला हात दिला. कोपरगावच्या रयतच्या महाविद्यालयाच्या नावातच सायन्सला सद्गुरू गंगागीर महाराजांचे, आर्ट्सला गौतम आणि कॉमर्सला संजीवनी असे नाव जोडलेले आहे. १९८३ साली राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी संजीवनीचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. ज्या तालुक्यात ओव्हरसियर पुण्याहून येत असे, तो तालुका आता स्वतः इंजिनिअर तयार करू लागला. ही गोष्ट लहान नाही.

पण श्रोतेहो, इथेच हिशेब फिरला. पायरी तीच राहिली, तिथे पोचायला लागणारा दाखला मात्र वाढत गेला. तलाठ्याचे उदाहरण घ्या. एके काळी सातवी पुरे होती, आज पदवी लागते. अंगणवाडीची योजना १९७५ साली सुरू झाली. पुढे अनेक वर्षे दहावी झालेली गावची सून सेविका होऊ शकत होती. २०२३ पासून बारावी लागते. काम बदलले म्हणावे, तर थोडे बदललेही आहे. तलाठ्याला सातबारा संगणकावर करावा लागतो. पण दाखला वाढला तो मुख्यतः मागणारे वाढले म्हणून. शंभर जण एका दारात उभे राहिले की दाराची उंची वाढवणे सोपे असते.

याचा सर्वांत कडू घोट शिक्षकांनाच प्यावा लागला. बारावीनंतर दोन वर्षे डी.एड. केले की जिल्हा परिषदेत जागा, असा एक काळ होता. प्रत्येक घराला ते पटले. खाजगी डी.एड. विद्यालये भराभर निघाली, लोकांनी जमिनी विकून प्रवेश घेतले. मग शाळांतली पटसंख्या घटली आणि भरती जवळजवळ थांबली. २०१३ पासून पात्रता परीक्षाही आली. हजारो मुले-मुली दाखला हातात घेऊन बसली आणि विद्यालये ओस पडू लागली. त्या मुलांचा दोष काय? कालच्या बाजारभावावर त्यांनी आजचे पीक घेतले. कांद्याच्या बाबतीत आपण हे दर दोन-तीन वर्षांनी पाहतो. शिक्षणाच्या बाबतीत ते उमजायला वेळ लागतो, कारण हे पीक हाती यायला पंधरा वर्षे लागतात.

केंद्र सरकारच्या श्रमबल पाहण्यांत एक गोष्ट वर्षानुवर्षे दिसते. बेकारीचे प्रमाण निरक्षरांत सर्वांत कमी आणि पदवीधरांत पुष्कळ जास्त. म्हणून काही जण म्हणतात, "बघा, शिकून वाटोळं झालं!" हा अर्थ चुकीचा आहे. निरक्षर माणसाला बेकार राहणे परवडतच नाही. मिळेल ते काम, मिळेल त्या मजुरीवर तो करतो. पदवीधर वाट पाहतो, आणि त्याच्या मागे घर थोडे दिवस तग धरते. फडातला कोयता बेकार नसतो, पण त्याच्या मुलाची शाळा दर हंगामाला तुटते. म्हणून तर साखरशाळा काढाव्या लागल्या. तेव्हा न शिकणे हा उपाय नव्हेच.

मग उपाय काय? आज आपल्या तालुक्यात कामाच्या नव्या जागा कुठे तयार होत आहेत ते पाहा. कारखाना आता नुसती साखर करीत नाही. चिपाडापासून वीज होते, मळीपासून इथेनॉल होते, साकरवाडीला अल्कोहोलपासून रसायने बनतात. फडात तोडणीयंत्र शिरले आहे. ते चालवायला आणि दुरुस्त करायला माणूस लागतो. २०१७ साली काकडीला विमानतळ सुरू झाला, २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत खुला झाला. या सगळ्या ठिकाणी नुसता दाखलेवाला चालत नाही आणि नुसता हातवालाही चालत नाही. यंत्राचे माहितीपत्रक वाचणारा फिटर लागतो, हिशेब येणारा ड्रायव्हर लागतो, हात काळे करायला न लाजणारा इंजिनिअर लागतो. गुळव्या आणि कारकून एकाच माणसात हवे आहेत.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, ओट्यावरच्या त्या बापाला "आणखी किती" याचे उत्तर देऊ नका. त्याला उलट विचारा, "या शिक्षणाने पोराच्या हाताला काय येणार? ते कोण विकत घेणार? आणि तेच घेऊन आणखी किती जण रांगेत आहेत?" पोरगा दहावी झाला असेल तर त्याला एकदा आय.टी.आय.च्या कार्यशाळेत नेऊन उभा करा. पोरगी हुशार असेल तर तिलाही न्या. तिथून पुढे पदविका आहे, पदवी आहे, वाट बंद होत नाही. आणि ज्याला वाचनाची, शास्त्राची खरी ओढ आहे त्याला अडवू नका. त्याच्यासाठी कर्ज काढले तर ते वाया जाणार नाही.

दारणेचे पाणी आले तेव्हा उसाला लागेल तेवढेच पाणी द्यायला आपण हळूहळू शिकलो. जास्त पाण्याने जमिनी खारवल्या, तेव्हा शहाणे झालो. शिक्षणाच्या बाबतीतही तसेच आहे. ते किती दिले यापेक्षा मुळापर्यंत किती पोचले, हे पाहायला हवे. ते पाहण्याचे काम, गुरुजी, तुमच्याइतके जवळून दुसरे कोणी करू शकत नाही.