मिठाचें माप आणि मेंदू

भाईंदरचीं मिठागरें आगगाडीच्या खिडकींतून आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलीं असतील. तेंच मीठ आपल्या रक्तांत ठराविक मापानें वाहत असतें. आणि तें माप ढळलें म्हणजे मनुष्यास फेफऱ्यासारखे आंचके येतात, हें मला उतारवयांत, तेंहि माझ्याच चुकीनें, कळलें.

कल्याणास आमच्या वृद्ध आत्याबाईंनीं रक्तदाबास्तव मीठ जवळजवळ सोडलेंच होतें. लघवी वाढविणारी गोळीहि चालू होती. त्यांत वैशाखाचे दिवस, म्हणून मीं आग्रहानें त्यांना तांब्यामागून तांबे पाणी पाजलें. तिसऱ्या दिवशीं त्या असंबद्ध बोलूं लागल्या, व सायंकाळीं अंग ताठून आंचके सुरू झाले. कोणी कांदा फोडला, कोणी वहाण नाकाशीं धरली. रुग्णालयांत रक्त तपासलें तेव्हां सोडियम ११२ निघालें. लिटरमागें १३५ ते १४५ मिलिमोल असावयास हवें. मेंदूंत दुसरा कांहीं विकार नव्हता.

या ज्ञानाचा उगम मोठा गमतीचा आहे. लंडनचे डॉ. सिडनी रिंगर बेडकाचें हृदय मिठाच्या द्रावणांत ठेवून पाहत होते. हृदय उत्तम चालले; पण १८८३ सालीं त्यांस आढळलें कीं, साहाय्यकानें ऊर्ध्वपातित पाण्याऐवजीं नळाचें पाणी वापरलें होतें! शुद्ध पाणी घेतांच हृदय थांबलें. नळाच्या पाण्यांतील कॅल्शियम हीच ती किमया. आळशी हातून झालेली इतकी उपयुक्त चूक मीं तरी दुसरी ऐकली नाहीं. पुढें १९०९ सालीं बाल्टिमोर येथें मॅकॅलम व फोग्टलिन यांनीं दाखविलें कीं, गळ्यांतील परावटु ग्रंथी काढलेल्या कुत्र्यांना येणारी आकडी कॅल्शियम टोचल्यानें शमते. १९२३ सालीं अमेरिकेंतील डॉ. राउनट्री यांनीं तर नुसत्या पाण्याच्या अतिरेकानें जनावरांना आंचके आणून दाखविले, आणि तीव्र मिठाचें द्रावण देऊन ते थांबविलेहि.

कारण असें: रक्त पातळ झालें कीं पाणी पेशींत शिरतें. मनुका भिजवली म्हणजे फुगते, तसाच मेंदू फुगतो. पण कवटी ताणत नाहीं. १९८० नंतर शास्त्रज्ञांनीं उंदराच्या मेंदूच्या पातळ चकत्या रिंगरच्या धर्तीच्या द्रवांत जिवंत ठेवून पाहिल्या. द्रव पातळ केला कीं त्या अधिक चेतत. मॅग्नेशियम काढून घेतलें कीं, देहावेगळ्या त्या चकतींतहि फेफऱ्याच्या जातीचे विजेचे उद्रेक उठत. मग भूतबाधा कोणास झाली म्हणावयाची?

तोंडांत मीठ कोंबणें हा मात्र यावरील उपाय नव्हे. सोडियम झपाट्यानें चढविलें तर मेंदूस कायमची इजा होऊं शकते. आत्याबाईंना डॉक्टरांनीं तें मोजून मापून, कित्येक दिवसांत चढविलें. आतां त्यांचा तांब्या मीं भरीत नाहीं. पाणी किती द्यावें तें डॉक्टर लिहून देतात, आणि कांदा फोडणाऱ्या शेजारणीस रोग्याला कुशीवर कसें वळवावें तेंहि त्यांनींच शिकविलें आहे.