वर्गणीचा पैसा

आपल्या भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरीचे देऊळ सर्वश्रुत आहे. इ. स. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली व नवस फेडण्यासाठी ते बांधविले, असे सांगतात. त्या काळी मोठे देऊळ उभे राही ते बहुधा पेशव्यांच्या वा सरदारांच्या खजिन्यातून. दारोदार वर्गणी मागून सार्वजनिक काम उभारण्याची रीत पुढे सर्वत्र रुजली, त्यात अंताजी दामोदर काळे यांचा वाटा मोठा आहे.

काळ्यांचे मागणे एवढेच : प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे १०० रुपये जमवायचे तर ६,४०० माणसांपुढे हात पसरायचा ! व्यवहारी माणूस हसेलच. पण लोकमान्य टिळकांनी पाठिंबा दिला, स्वयंसेवक गावोगाव हिंडले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे या 'पैसा फंडा'तून काचेचा कारखाना निघाला. परदेशी शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे मुलांना काचकाम शिकविले. तेथले कारागीर पुढे देशभरच्या कारखान्यांत गेले.

एखाद्या सावकाराने सारी रक्कम दिली असती तर काम लवकर झाले असते. पण कारखाना त्याचा झाला असता.

या स्मरणिकेतील देणगीदारांच्या यादीत मोठ्या आकड्यांच्या जोडीला दहा-वीस रुपयांच्याही ओळी आहेत. त्या 'किरकोळ जमा' म्हणून एकत्र छापाव्यात, अशी एक सूचना होती. जीर्णोद्धार मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ती मानली नाही. चार पाने वाढली, ती वाढू द्यावीत.