प्रतिदीप्तीतला ‘प्रति’

‘फ्लुओरेसन्स’ या शब्दाच्या मुळाशी प्रकाश नाही, वाहणं आहे. लॅटिन ‘फ्लुएरे’ म्हणजे वाहणे. धातू गाळताना भट्टीत एक खनिज टाकलं की मळी पातळ होऊन वाहू लागे, म्हणून त्या खनिजाला फ्लुओर हे नाव पडलं. (इन्फ्लुएन्झाही याच धातूचा, भट्टीतल्या नव्हे, व्याकरणातल्या. ग्रहताऱ्यांचा प्रभाव माणसात वाहत येतो, या जुन्या समजुतीतून तो आला.) 1852 मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्सने क्विनाइनच्या द्रावणात उमटणाऱ्या निळ्या प्रकाशाचा छडा लावला. ओपलवरून ओपलेसन्स, तसं फ्लुओरस्पारवरून फ्लुओरेसन्स, असं बारसं त्याने तळटीपेतच उरकलं. गंमत अशी, की निखळ फ्लुओरस्पार चमकत नाही. चमक येते ती युरोपियमसारख्या भेसळीमुळे.

मराठीने दगड बाजूला ठेवून ‘प्रतिदीप्ती’ केली. मला ती उजवी वाटते. बाहेरून प्रकाश पडला तरच पदार्थ प्रकाश देतो, तोही बहुधा अधिक तरंगलांबीचा, म्हणजे वेगळ्या रंगाचा. तेव्हा हा ‘प्रति’ प्रतिध्वनीतला नव्हे, प्रत्युत्तरातला.

घोटाळा होतो मेंदूच्या अभ्यासात भेटणाऱ्या ‘स्वयंप्रतिदीप्ती’त. मेंदूची ऊती काजव्यासारखी आपली आपण उजळत नाही. ‘स्वयं’ म्हणजे एवढंच, की वरून रंगद्रव्य घातलेलं नाही. पेशीत मुळातच असलेलं, इंधन जाळताना इलेक्ट्रॉनची ने-आण करणारं एनएडीएच अतिनील प्रकाशात निळसर उजळतं आणि इलेक्ट्रॉन देऊन टाकले की विझतं. फ्लेविनचं उलट. निळ्या प्रकाशात ते हिरवं उजळतं, पण इलेक्ट्रॉन घेतले की मंदावतं. ‘फ्लेवस’ म्हणजे पिवळा. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनंतर लघवी पिवळीजर्द होते, ती याच कुळातल्या रायबोफ्लेविनमुळे.

अमेरिकेत ब्रिटन चान्स आणि सहकाऱ्यांनी 1962 मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूवर एनएडीएचची ही चमक मोजली. प्राणवायू तुटला की ती वाढते. 2003 मध्ये जपानमधल्या निइगाता विद्यापीठाच्या गटाने फ्लेविनच्या चमकेवरून उंदराच्या मेंदूतला स्पर्शाचा भाग काम करताना चित्रात टिपला.

अशा चित्रांना चयापचयाची चित्रं म्हणतात. चय म्हणजे रचणं, अपचय म्हणजे मोडणं. ग्रीकातून आलेल्या ‘मेटाबोलिझम’च्या मुळात नुसता ‘बदल’ आहे, त्यामुळे तिकडे रचणं की मोडणं हा प्रश्न उठत नाही. मराठीत मात्र विचारावं लागतं, यातलं दिसतं कोणतं? मुख्यतः इंधन जाळण्याची बाजू, म्हणजे अपचय.